लुई ब्रेल यांची दुसरी लिपी

लुई ब्रेल हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य सापडणे कठीण. अंधांसाठी उठावाच्या टिंबांची लिपी शोधून काढणारे फ्रेंच गृहस्थ, एवढी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून सर्वांना झालेली असते. परंतु याच गृहस्थांनी त्या लिपीनंतर दहा वर्षांनी आणखी एक लिपी तयार केली होती, आणि ती मुख्यतः डोळसांना वाचता यावी म्हणून केली होती, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मी स्वतः लहानपणापासून ब्रेलवर शिकले. तरी यंदापर्यंत मलाही ती ठाऊक नव्हती.

ती कळली एका लहानशा फजितीमुळे. यंदा माझ्या हाती ब्रेल नोटटेकर आला. जाडजूड पुस्तकाएवढे हे यंत्र. वरच्या बाजूला टिंबांच्या कळा, मध्ये जागा सोडण्याची लांबट कळ आणि खाली ३२ घरांची पट्टी. प्रत्येक घरात बारीक खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीखाली एक पातळ पट्टी असते; वीज मिळताच ती किंचित वाकते, खुंटी वर येते, आणि बोटाखाली अक्षर उमटते. पुढची ओळ मागितली की जुन्या खुंट्या खाली बसतात, नव्या वर येतात. या यंत्रावर मी इतिहासाचा ट्यूटोरियल निबंध लिहिला. आजवर माझा प्रत्येक निबंध मी सांगायचा आणि ताईने किंवा वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीने लिहून द्यायचा, असा प्रघात होता. हा पहिलाच निबंध असा की जो मी एकटीने लिहिला, एकटीने वाचला, एकटीने खोडला आणि पुन्हा लिहिला. आता तो सरांकडे पाठवायचा तेवढा राहिला होता. महाविद्यालयाच्या वायफायला यंत्र जोडायचे, निबंध धाडून द्यायचा, की झाले!

प्रत्यक्षात तीन दिवस गेले. निबंध माझ्या यंत्रात होता, सर दहा पावलांवरच्या खोलीत बसले होते, आणि मधली वाट काही केल्या सापडत नव्हती. त्या तीन दिवसांत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून मी ब्रेल यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. वाचता वाचता ध्यानात आले की, आज जी माझी अडचण, तीच या माणसाची निम्म्या आयुष्याची अडचण होती. म्हणून हा लेख.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कूपव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील सिमाँ-रने हे घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे असा कातडी साज बनवीत. आईचे नाव मोनीक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडिलांच्या कामाच्या खोलीत कातड्याचे तुकडे, दोरे, सुऱ्या, आऱ्या असा सगळा पसारा असे, आणि कोणत्याही कारागिराचे पोर जसे बापाच्या हत्यारांकडे ओढले जाते तसा हाही ओढला जाई. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, वडिलांची नजर चुकवून तो कातडे टोचू लागला, हत्यार निसटले आणि एका डोळ्यात शिरले. त्या काळी जंतुसंसर्गावर इलाज नव्हता. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यात उतरला, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास लुई पूर्ण अंध झाला.

एका टोकदार हत्याराने डोळे नेले, आणि पुढे टोकदार टोचणीनेच त्याने लाखो अंधांना अक्षरे दिली, असे चरित्रकार हटकून लिहितात. मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती आईबापांची वागणूक. त्यांनी मुलाला कोपऱ्यात बसविले नाही. वडिलांनी काठी करून दिली; तिच्या आधाराने तो गावभर फिरू लागला. दुकानातली झालर विणणे, दोरे लावणे अशी कामे त्याच्याकडे सोपविली. गावचे धर्मगुरू पाल्युई यांनी त्याला शिकवायला घेतले, आणि गावच्या शाळामास्तरांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. ऐकलेले तो विसरत नसे. पण इतर मुले पुस्तक उघडीत, पाटीवर लिहीत, तेव्हा त्याने काय करावे? बुद्धी आहे, ऐकून समजते आहे, पण वाचता येत नाही आणि लिहिता येत नाही. असा मुलगा वर्गात असूनही वर्गाबाहेरच असतो. हे मी अनुभवाने सांगते.

पाल्युई यांच्या खटपटीने आणि गावच्या उमरावाने शब्द टाकल्यामुळे लुईला पॅरिसच्या अंधशाळेत जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा असताना, तो तेथे दाखल झाला. ही शाळा व्हालांतँ आयुई यांनी १७८५ साली स्थापन केलेली. अंधांसाठी निघालेली जगातील पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते. लुई गेला तेव्हा ती सँ-व्हिक्तॉर रस्त्यावरील एका जुनाट, ओलसर इमारतीत भरत असे. तेथील हवा मुलांना मानवत नसे.

आयुई यांनी अंधांच्या वाचनासाठी एक युक्ती काढली होती. ओल्या जाड कागदावर साधीच रोमन अक्षरे मोठ्या आकारात उठवायची आणि मुलांनी ती बोटांनी चाचपायची. अंधांना वाचता येते हे जगाला पटवून देण्याचे श्रेय आयुई यांचेच. परंतु या पद्धतीत दोन मोठे दोष होते. पहिला हा की, डोळ्यांना सोयीची असलेली अक्षरे बोटांना सोयीची नसतात. प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने बोट फिरवायचे, ते ओळखायचे, मग पुढच्याकडे जायचे. ओळ संपेपर्यंत तिचा आरंभ विसरायचा. पुस्तके अवजड, महाग आणि मोजकी. दुसरा दोष अधिक गंभीर. ही अक्षरे छापखान्यात उठत. मुलांना ती स्वतःच्या हाताने सहजी लिहिता येत नसत. म्हणजे अंधाने वाचावे, पण लिहू नये. दुसऱ्याचे ऐकावे, पण स्वतःचे सांगू नये. ती पद्धत डोळसांनी, डोळसांच्या अक्षरांवरून बेतलेली होती, हे विसरता कामा नये.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाचे एक निवृत्त तोफखाना अधिकारी आपली एक लिपी घेऊन शाळेत आले. ती टिंबांची होती. बार्बिए यांनी फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी घेऊन त्यांचे सहा ओळी आणि सहा रकाने असे कोष्टक मांडले होते. डाव्या उभ्या ओळीतील टिंबे मोजली की कोष्टकाची आडवी ओळ कळे. उजवीकडची मोजली की रकाना कळे. म्हणजे एका ध्वनीला बारापर्यंत टिंबे. शिवाय कागदावर टिंबे उठवायला पट्टी आणि टोचणी हे साधनही त्यांनी दिले होते. मुलांना ही लिपी आवडली. रेघेपेक्षा टिंब बोटाला चटकन कळते, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. मुख्य म्हणजे ती त्यांना स्वतः लिहिता येत होती!

पण लुईला तिच्यातील उणिवाही दिसल्या. बारा टिंबांची उभी मांडणी बोटाच्या एका पेराखाली मावत नाही. बोट वरखाली न्यावे लागते. लिपी ध्वनींची असल्याने शुद्धलेखन नाही. विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीताची चिन्हे नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या पोराने पन्नाशी उलटलेल्या अधिकाऱ्याला हे दोष दाखवावेत, ही गोष्ट त्या अधिकाऱ्याला रुचली नाही, असे सांगतात. लुई मात्र स्वस्थ बसला नाही. रात्री, सुट्टीत, कूपव्रेला घरी गेल्यावर, तो टिंबे मांडून पाहत राहिला. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची मांडणी बहुतांशी पूर्ण झाली.

ती किती साधी आहे पाहा. उभी तीन आणि आडवी दोन अशी सहा टिंबांची जागा. हे सबंध घर बोटाच्या एका पेराखाली येते. बोट वरखाली हलवावे लागत नाही, डावीकडून उजवीकडे सरकत जाते. सहा टिंबांपैकी कोणती उठवायची आणि कोणती नाही, याचे रिकामे घर सोडून ६३ प्रकार होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांत बसविली. त्यांनाच खालचे डावे टिंब जोडले की पुढची दहा तयार झाली. अंकांसाठी वेगळी चिन्हे नाहीतच. आधी अंकाची खूण द्यायची आणि मग तीच पहिली दहा अक्षरे वाचायची. ही अंकाची खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

१८२८ साली लुई त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि १८२९ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुस्तक आयुई यांच्या उठावाच्या रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण नवी लिपी अजून कुणाला येत नव्हती. बार्बिए यांच्या कल्पनेचे ऋण त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. १८३३ मध्ये तो पूर्ण शिक्षक झाला. येथून पुढे लुईला अहोजाहो म्हणणेच योग्य.

ब्रेल व्याकरण, भूगोल, गणित आणि संगीत शिकवीत. ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि पॅरिसच्या चर्चमध्ये त्यांना वादक म्हणून नेमणूक मिळाली होती. स्वभाव शांत, बोलणे मोजके. मिळकत बेताची असूनही अडलेल्याला ते गुपचूप पैसे देत. १८३७ साली त्यांच्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासाचे पुस्तक ब्रेलमध्ये तयार झाले. शाळेतील मुले एव्हाना या लिपीत टिपणे घेत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत, संगीत उतरवून घेत.

येथेच ब्रेल यांचे जीवितकार्य संपले असे आपण समजतो. त्यांना मात्र तसे वाटत नव्हते. अंध मुले आता आपसांत लिहू लागली होती, परंतु सुट्टीला घरी गेलेल्या मुलाला पॅरिसच्या मित्राचे ब्रेल पत्र आले तर ते वाचणार तो एकटाच. आणि शाळेतून आईला ख्यालीखुशाली कळवायची तर ती पुन्हा कुणा डोळसाला सांगूनच लिहवून घ्यायची. आई ब्रेल कुठून वाचणार? स्वतः ब्रेल यांचीही हीच स्थिती होती. घरच्या माणसांना खाजगी दोन शब्द लिहायचे तरी मध्ये तिसऱ्याचा हात. तिसऱ्याच्या हाताने लिहवून घेताना मनुष्य किती गोष्टी गाळतो, हे ज्याला लेखनिक घ्यावा लागतो त्यालाच ठाऊक. माझ्या ताईसारखी प्रेमळ लेखनिक कुणाला मिळाली नसेल, तरीही काही वाक्ये मी तिला कधीच सांगितली नाहीत.

दुसऱ्या कुणी असे म्हटले असते की, डोळसांनी ब्रेल शिकून घ्यावे. ते न्याय्य ठरले असते. पण तसे घडणार नव्हते. ब्रेल यांनी व्यवहार पाहिला. १८३९ साली त्यांनी एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिला पुढे दशबिंदू अशा अर्थाचे नाव पडले. तिची रीत अशी : साध्या रोमन अक्षराचा आकार चौकटीच्या जाळीवर ठेवायचा. उंची जास्तीत जास्त दहा टिंबांची. अक्षराच्या प्रत्येक उभ्या रकान्यात कितव्या जागी टिंब द्यायचे, याचे आकडे ब्रेल यांनी कोष्टकात बांधून दिले. अंध लिहिणाऱ्याने आकडे पाठ करायचे आणि जाळीच्या आधारे टोचत जायचे. त्याने अक्षर कधी पाहिलेले नसले तरी कागदावर टिंबांनी रेखलेले खरेखुरे अक्षर उमटे, ते डोळसाला डोळ्यांनी वाचता येई आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या बोटाने तपासताही येई. याच पद्धतीने नकाशे आणि भूमितीच्या आकृतीही काढता याव्यात अशी त्यांची योजना होती.

पद्धत चांगली, पण काम फार सावकाशीचे. एकेका अक्षराला कितीतरी टिंबे. तेव्हा मदतीला आले प्येर फूको. हेही त्याच शाळेचे अंध विद्यार्थी. यंत्रकामात त्यांचे डोके अव्वल. ब्रेल यांच्या कोष्टकावरून त्यांनी १८४१ च्या सुमारास एक यंत्र बनविले. त्यात दहा कळा होत्या, म्हणजे उभ्या रकान्यातील दहा जागांना एकेक. एका रकान्याची लागतील ती टिंबे दाबायची, यंत्र किंचित पुढे सरकवायचे, आणि दुसरा रकाना घ्यायचा. अमेरिकेत शोल्स यांच्या टाइपरायटरला १८६८ मध्ये पेटंट मिळाले. त्याच्या पाव शतक आधी दोन अंध मित्रांनी लेखनयंत्र चालवून दाखविले होते, आणि ते डोळसांशी पत्रव्यवहार करण्यासाठी होते!

दुर्दैवाने याच वर्षांत ब्रेल यांच्यावर दोन बाजूंनी संकट आले. वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना क्षयाने गाठले होते. खोकला, रक्त पडणे, अशक्तपणा यांनी वर्गावर उभे राहणे कठीण होऊ लागले. आणि १८४० मध्ये शाळेचे संचालक बदलले. त्यांना पाठबळ देणारे पिन्ये यांना जावे लागले आणि द्युफो संचालक झाले. अंधांची लिपी डोळसांच्या लिपीसारखीच असली पाहिजे, नाही तर ते समाजापासून तुटतील, असे द्युफो यांचे मत. त्यांनी ब्रेल बंद करून पुन्हा उठावाची रोमन अक्षरे आणली. जुनी पुस्तकेही नष्ट केली. विद्यार्थी मात्र लपूनछपून ब्रेल लिहीत राहिले. टोचणी काढून घेतली तर हाती येईल त्या टोकदार वस्तूने लिहीत.

या वादाचा मी पुष्कळ विचार केला. द्युफो यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. अंध माणूस जगापासून तुटू नये, ही चिंता ब्रेल यांनाही होतीच. एरवी त्यांनी दशबिंदूची खटपट कशाला केली असती? दोघांत फरक उपायाचा होता. द्युफो यांचा उपाय असा की, अंधाने आपली सोयीची लिपी टाकून द्यावी. ब्रेल यांचा उपाय असा की, त्याने आपल्या लिपीत वाचावे, विचार करावा, टिपणे घ्यावी, आणि दुसऱ्यापर्यंत पोचण्यासाठी मध्ये एक पूल बांधावा. त्यांनी बोटाचा हक्क सोडला नाही आणि डोळसाशी संबंधही तोडला नाही. माझ्या मते ब्रेल यांचे खरे मोठेपण येथे आहे.

सुदैवाने उपसंचालक ग्वादे यांना ब्रेलचे महत्त्व पटले आणि त्यांनी संचालकांचे मन वळविले. शाळा नव्या इमारतीत गेली. फेब्रुवारी १८४४ मध्ये तिचे उद्घाटन झाले, आणि त्या समारंभात ग्वादे यांनी ब्रेल लिपीची जाहीर प्रशंसा करून विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिके करविली. ब्रेल तेथे उपस्थित होते. पुढली काही वर्षे आजाराच्या भरती-ओहोटीत गेली. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. त्यांच्या मागे एक लहान पेटी निघाली. ती न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. तरी ती उघडली, तेव्हा आत विद्यार्थ्यांना आणि मित्रांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या सापडल्या, असे चरित्रकार सांगतात. सगळे कर्ज त्यांनी सोडून दिले होते.

मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्यांच्या लिपीला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली. १८७८ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ती स्वीकारली. आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिपी चालत. तो घोळ मिटून १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली, आणि मराठीसह भारतीय भाषा तिच्यात लिहिल्या जाऊ लागल्या. शतसांवत्सरिक पुण्यतिथीच्या वर्षी, १९५२ मध्ये, ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पांतेआँमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी नेण्यात आले. हात मात्र कूपव्रेनेच ठेवून घेतले. २००९ साली त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त आपल्या सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले.

दशबिंदूचे काय झाले? टाइपरायटर आले आणि ती मागे पडली. पण ज्या गरजेतून ती जन्मली ती गरज मागे पडली नाही. माझ्या तीन दिवसांकडे आता वळते.

पहिल्या दिवशी यंत्राने वायफायची नावे एकेक करून बोटाखाली आणली. महाविद्यालयाचे नाव मिळाले, पासवर्ड टाकला. यंत्राने तो चुकीचा ठरविला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पासवर्डात अंक होते, आणि मी सवयीने आधी अंकाची खूण दिली होती! पासवर्डाच्या रकान्यात यंत्र संगणकी ब्रेल मानते. तेथे त्या खुणेचा अर्थ अंक असा नसून हॅश नावाचे चिन्ह असा होतो, आणि अंक खालच्या टिंबांनी लिहावे लागतात. लहानपणी गिरवून पक्की केलेली खूणच आडवी आली होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र जोडले गेले, तरी निबंध जाईना. चौकशीअंती कळले की, या वायफायला जोडल्यावर आधी एक पान उघडते. त्यावर नाव भरून संमतीची खूण करावी लागते, आणि मगच वाट मोकळी होते. माझ्या यंत्रात ते पान उघडतच नव्हते. ग्रंथालयातील काका माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनाही उपाय ठाऊक नव्हता, पण ते उठून गेले नाहीत. अखेर मी माझ्या मोबाइलचे नेट यंत्राला दिले आणि तो प्रश्न सोडविला.

तिसऱ्या दिवशी निबंध सरांकडे पोचला. सरांनी मला बोलावून सांगितले की, त्यात नुसती इंग्रजी अक्षरे दिसत आहेत, एकही शब्द लागत नाही. हे ऐकून मला आधी रडू आले आणि मग हसू आले. भारती ब्रेलमधील क, म, ल यांची टिंबे तीच आहेत जी रोमन के, एम, एल यांची. टिंबांचे छापील अक्षरात रूपांतर करताना कोणती भाषा धरायची हे यंत्राला सांगावे लागते. मी मराठी निवडायला विसरले होते. त्यामुळे कमल हा शब्द के-एम-एल असा उमटला होता. भाषा बदलली, निबंध पुन्हा पाठविला, आणि या वेळी सरांनी तो माझ्यादेखत पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मध्ये कुणीही नव्हते.

आता यंत्र आणि मोबाइल यांची ब्लूटूथने जोडी जमली आहे. मोबाइलच्या यादीत यंत्राचे नाव शोधायचे, दोन्हीकडे संमती द्यायची, मोबाइलमधील पडदावाचक चालू ठेवायचा, की मोबाइलवर आलेला मजकूर माझ्या ३२ घरांच्या पट्टीवर उमटतो आणि मी दाबलेली टिंबे मोबाइलवर देवनागरी होऊन जातात. एक पथ्य पाळावे लागते. यंत्र घरच्या संगणकाशी जोडलेले राहिले असेल तर आधी ते सोडवून घ्यावे, नाही तर मोबाइल त्याला हाक मारीत बसतो.

वाचकहो, या अडचणी किरकोळ आहेत, हे मला कबूल आहे. प्रत्येकीचा उपाय पाच मिनिटांचा होता. पण त्या एकीमागून एक आल्या म्हणजे माणसाला वाटू लागते की जाऊ द्या, ताईला सांगून लिहून घ्यावे! अंध विद्यार्थ्याला यंत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे समजणे हे ब्रेल लिपी झाली म्हणजे काम झाले असे समजण्यासारखेच आहे. ब्रेल तेथे थांबले नाहीत. क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी दहा-दहा टिंबांचे आकडे मांडले, कारण लिहिलेले दुसऱ्यापर्यंत पोचले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी एवढीच विनंती आहे की, वायफायचे ते पान माझ्यासारख्यांच्या यंत्रातही उघडेल अशी तजवीज व्हावी. माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींचे तीन दिवस तरी वाचतील.

आणि ताईबद्दल सांगायचे राहिले. निबंध पोचला त्याच रात्री मी तिला यंत्रावरून एक पत्र पाठविले. ती शेजारच्याच खोलीत होती. इतकी वर्षे माझे प्रत्येक पत्र तिने लिहिले. तिला लिहिलेले माझे हे पहिलेच पत्र. त्यात काय होते ते येथे सांगत नाही. ते आम्हा दोघींपुरतेच आहे.